राजा गेल्यानंतरचे राज्य

१६८९ च्या फेब्रुवारीत औरंगजेबाची छावणी अकलूजला होती. विजापूर १६८६ मध्ये पडले, गोवळकोंडा १६८७ मध्ये. पुढच्याच वर्षी विजापुरात प्लेगची साथ आली, तेव्हा बादशहा ते शहर सोडून नीरेकाठी येऊन थांबला. इथेच त्याला खबर मिळाली की, मुकर्रबखानाने संगमेश्वरी छापा घालून संभाजी महाराजांना कवी कलशांसह पकडले आहे. तारीख होती १ फेब्रुवारी. बादशहा अकलूजहून बहादूरगडाकडे, म्हणजे पेडगावला निघाला. कैद्यांना तिथेच त्याच्यासमोर आणले गेले. ११ मार्चला महाराजांची हत्या झाली.

त्या खबरीने छावणीत जो आनंद झाला असेल, त्यामागे साधा हिशेब होता. सिकंदर आदिलशहा शरण आला त्या दिवशी आदिलशाही संपली. अबुल हसन तानाशहा पकडला जाऊन दौलताबादेत कैदेत पडला, तशी कुतुबशाही संपली. राजा हाती आला की राज्य हाती येते, हा तीन वर्षांतला ताजा अनुभव होता. मराठ्यांचा राजा हाती आला होता. आता काही महिन्यांचे काम उरले, असे बादशहाला वाटले असेल तर त्यात त्याची बुद्धी कमी पडली, असे मी म्हणणार नाही. त्याच्यासमोरचे सगळे दाखले तेच सांगत होते.

ते खरे ठरले नाही. त्यानंतर औरंगजेब अठरा वर्षे जगला आणि ती सगळी त्याने याच मुलखात काढली. आमच्याच जिल्ह्यात ब्रह्मपुरीला, माचणूरच्या किल्ल्याशेजारी, भीमेकाठी त्याचा तळ वर्षानुवर्षे राहिला. १७०० च्या ऑक्टोबरात सांगोल्याजवळच्या खवासपूरला माण नदीच्या पुराचे पाणी छावणीत शिरले. त्या धावपळीत त्याच्या गुडघ्याला अशी दुखापत झाली की, पुढे तो कायमचा लंगडत चालला. १७०७ मध्ये अहमदनगरला त्याचा अंत झाला, तेव्हा मराठ्यांचे राज्य उभेच होते.

अकलूजमध्ये राहणाऱ्यांच्या बोलण्यात हा प्रसंग फारसा येत नाही. आमच्या गावाची ओळख आज साखर कारखान्याची, घोड्यांच्या बाजाराची, लावणी स्पर्धेची आणि आषाढी वारीत तुकोबांच्या पालखीच्या गोल रिंगणाची आहे. नीरेकाठचा किल्ला यादवांच्या सिंघण राजाने बांधला असे परंपरा सांगते. त्याच किल्ल्यात आता ‘शिवसृष्टी’ आहे, पुतळ्यांमधून उभे केलेले शिवचरित्र. मी या भागातल्या शाळेत इतिहास शिकवत असे. मुलांना घेऊन किल्ल्यात जाणे दर वर्षीचे होते. राज्याभिषेकाच्या प्रसंगापाशी मुले सगळ्यांत जास्त रेंगाळत. एकदा तिथे उभी असताना आठवीतल्या एका मुलीने विचारले, “बाई, आदल्या दिवशी किल्ले तेवढेच होते, फौज तेवढीच होती. मग दुसऱ्या दिवशी वेगळं काय झालं?”

मी तिला अष्टप्रधान, होन आणि शिवराई, राज्याभिषेक शक, राज्यव्यवहारकोश हे सगळे सांगितले. पुस्तकात तेच होते आणि ते खरेच आहे. पण तिचा प्रश्न त्याहून मोठा होता. नवी राजसत्ता निर्माण होते ती नेमकी कोणत्या क्षणी? निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली, तेव्हा हा प्रश्न मी जरा दूर नेऊन पाहिला. गेली कित्येक शतके फ्रान्सच्या राजपरंपरेचा आरंभ म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, त्या फ्रँक राजा क्लोव्हिसपर्यंत.

१६५३ मध्ये, म्हणजे शिवाजी महाराज जावळीच्या तोंडाशी उभे होते त्या काळात, आजच्या बेल्जियममधल्या तुर्ने गावी बांधकामासाठी खणताना एक थडगे लागले. आत सोने होते, तलवार होती, सुमारे तीनशे सोन्याच्या मधमाश्या होत्या आणि एक मुद्रेची अंगठी होती. अंगठीवर लांब केसांचा, हातात भाला घेतलेला पुरुष कोरलेला आणि भोवती लॅटिनमध्ये नाव, चिल्डेरिक राजाचे. हा क्लोव्हिसचा बाप. सुमारे ४८१ मध्ये तो वारला. पुढे नेपोलियनला १८०४ च्या अभिषेकात बूर्बाँ राजांचे चिन्ह नको होते आणि स्वतःची गादी मात्र जुनी दिसायला हवी होती. त्याने या मधमाश्या आपल्या झग्यावर भरून घेतल्या. १८३१ मध्ये पॅरिसच्या ग्रंथालयातून तो खजिना चोरीला गेला, बहुतेक सोने वितळवले गेले. आज त्यातल्या मोजक्याच वस्तू उरल्या आहेत.

ती अंगठी मला फार बोलकी वाटते. लांब केस आणि भाला ही फ्रँक टोळीच्या नायकाची खूण, तर लॅटिन अक्षरे आणि मुद्रा ही रोमन कारभाराची. चिल्डेरिक दोन्ही होता. रोमची पश्चिमेकडची सत्ता ४७६ मध्ये संपली. तोवर हे फ्रँक सरदार रोमच्या बाजूने लढत आणि रोमकडून मान घेत. आपल्याकडे देशमुख-सरदारांनी आदिलशाहीची, निजामशाहीची चाकरी करीत आपली ताकद वाढवली, त्याच्याशी हे बरेच जुळते. मुलगा गादीवर आला तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा होता. रेम्सचे बिशप रेमिजियस यांनी त्याला लिहिलेले पत्र आजही उपलब्ध आहे. त्यात त्या प्रांताचा कारभार हाती घेतल्याबद्दल अभिनंदन आहे आणि धर्माधिकाऱ्यांचा सल्ला ऐकत जा, असा उपदेश आहे. मुलगा तेव्हा ख्रिस्ती नव्हता, तरी बिशप त्याला राज्यकर्ता मानून लिहीत होते.

क्लोव्हिसने ४८६ मध्ये स्वासाँ येथे सिआग्रियस या शेवटच्या रोमन अधिकाऱ्याचा पराभव केला. त्या लुटीची एक गोष्ट ग्रेगरी या तूरच्या बिशपने नोंदवली आहे. चर्चमधून लुटलेले एक सुंदर पात्र राजाला परत द्यायचे होते. त्याने सैनिकांना विनंती केली, माझ्या वाट्याशिवाय हे एवढे मला द्या. एकाने त्या पात्रावर कुऱ्हाड मारली आणि राजाला सुनावले की, चिठ्ठीने वाट्याला येईल तेवढेच तुझे. राजा गप्प राहिला. वर्षभराने फौजेच्या पाहणीत त्याच सैनिकाची शस्त्रे अस्वच्छ असल्याचे निमित्त करून क्लोव्हिसने त्याच्या डोक्यात कुऱ्हाड घातली आणि त्याला पात्राची आठवण करून दिली.

गोष्ट किती खरी, किती रंगवलेली, हे सांगणे कठीण. ग्रेगरीने ती क्लोव्हिसच्या मृत्यूनंतर दोन पिढ्यांनी लिहिली. तिच्यात राजपदाचा जो टप्पा दिसतो तो मात्र नेमका आहे. विजयी नायकालासुद्धा लुटीचे भांडे हक्काने मागता येत नाही, कारण तो बरोबरीच्यांतला पहिला आहे, एवढेच. त्याच्याजवळ बळ आहे. त्या बळाला अजून राजाचा अधिकार म्हणून कोणी मानत नाही, म्हणून तो कुऱ्हाडीने मिळवावा लागतो.

१६७४ पूर्वी रायगडावरही हाच पेच होता. मोरे, मोहिते, घोरपडे, निंबाळकर ही घराणी स्वतःला भोसल्यांपेक्षा कमी लेखत नव्हती. जावळीच्या मोऱ्यांना ‘चंद्रराव’ हा किताब आदिलशाहीने दिलेला होता. ज्याने किताब दिला तो बादशहा खरा आणि हा पुण्याचा जहागीरदाराचा मुलगा आपल्यासारखाच एक, असा त्यांचा समज असणे स्वाभाविक होते. १६५६ मध्ये जावळी घेतली गेली. त्याच वर्षी सुपे घेतले गेले, आणि ते संभाजी मोहित्यांकडून, म्हणजे महाराजांच्या सावत्र मामांकडून. या दोन्ही प्रसंगांबद्दल आपल्याकडे हळुवारपणे बोलण्याची रीत आहे. मला ती पटत नाही. नवे राज्य उभे करणाऱ्याला सगळ्यांत आधी आपल्या बरोबरीच्यांशी झगडावे लागते आणि तो झगडा गोड नसतो. क्लोव्हिसने तर कोलोनचा सिगिबर्ट, कांब्रेचा रॅग्नाकर अशा आपल्या नात्यातल्याच फ्रँक राजांना एकेक करून संपवले. शेवटी आपले कोणी उरले नाही म्हणून तो जाहीर शोक करी. ग्रेगरी, जो एरवी त्याचा मोठा चाहता, तोही लिहितो की हा शोक आणखी कोणी नातलग शिल्लक असला तर त्याने पुढे यावे यासाठी होता. इथे दोघांतला फरक स्पष्ट सांगितला पाहिजे. शिवाजी महाराजांनी जिंकल्यानंतर त्या घराण्यांतल्या माणसांना नोकरीत जागा दिली. हंबीरराव मोहिते पुढे सरनौबत झाले, त्यांची मुलगी ताराबाई राजाराम महाराजांची राणी झाली आणि औरंगजेबाशी शेवटची सात वर्षे तीच लढली.

बळाला अधिकार म्हणून मान्यता हवी असेल तर ती जुन्या आणि मोठ्या कशाच्या तरी नावाने मिळवावी लागते. क्लोव्हिसने पाचव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास रेम्सला रेमिजियसकडून बाप्तिस्मा घेतला. वर्षाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. ग्रेगरी म्हणतो की, त्याच्याबरोबर तीन हजारांहून अधिक सैनिकांनी तो घेतला. राणी क्लोटिल्डाचा आग्रह, आलेमानी टोळीविरुद्धच्या लढाईत केलेला नवस, ही कारणे कथेत येतात. पण एक गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. त्या वेळी गॉथ, बर्गंडी वगैरे राजे एरियन पंथाचे होते आणि त्यांची रोमन प्रजा कॅथलिक होती. क्लोव्हिस प्रजेच्या पंथात आला. ५०७ मध्ये वुइयेच्या लढाईत त्याने व्हिसिगॉथ राजा अलारिक याला मारले. दुसऱ्या वर्षी पूर्वेच्या रोमन बादशहाने, अनास्तासियसने, त्याला सन्मानाची सनद पाठवली आणि तूरमध्ये जांभळा झगा घालून तो लोकांसमोर आला. टोळीच्या नायकाला चर्चने आणि रोमने, दोघांनी ओळखले.

रायगडावर ६ जून १६७४ ला, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, काशीहून आलेल्या गागाभट्टांनी अभिषेक केला. सप्टेंबरात निश्चलपुरींनी तांत्रिक पद्धतीने तो पुन्हा केला. दोन पंथांचे समाधान करण्याइतकी काळजी त्यात घेतलेली दिसते. पण क्लोव्हिसने जे केले नाही ते इथे झाले. रायगडावर राजाबरोबर आठ प्रधानांची पदे उभी राहिली. त्यांना संस्कृत नावे मिळाली, कामे ठरली, अभिषेकाच्या वेळी कोणी कुठे उभे राहायचे हेही ठरले. कागदांवर घालायला नवा शक सुरू झाला. त्या मुलीला मी जी यादी सांगितली होती, तिचा खरा उपयोग महाराजांच्या हयातीत पुरता दिसला नाही. कर्तबगार राजा असेपर्यंत सगळे त्याच्या कर्तबगारीवर चालते. पदांची परीक्षा त्याच्यामागे होते.

क्लोव्हिस ५११ मध्ये पॅरिसला वारला. त्याच वर्षी ऑर्लेआँला त्याने धर्मसभा भरवली होती. सॅलिक फ्रँकांचा कायदाही त्याच्याच काळात लिहिला गेला, असे मानतात. एवढे सगळे उभारूनही त्याच्यामागे राज्याचे चार वाटे झाले. रेम्स, ऑर्लेआँ, पॅरिस आणि स्वासाँ या चार ठिकाणी चार मुलगे बसले. बापाची जमीन भावांनी वाटून घ्यावी, तसे राज्य वाटले गेले. पुढे क्लोडोमेर हा मुलगा लढाईत मेला. त्याची लहान मुले आजीकडे, क्लोटिल्डाकडे होती. दोन काकांनी त्यांना फसवून ताब्यात घेतले आणि आजीकडे माणूस पाठवला, त्याच्या एका हातात कात्री आणि एका हातात तलवार. या वंशात लांब केस हीच राजपदाची खूण असे. केस कापले की पोर गादीला मुकले. ग्रेगरीने सांगितले आहे की, दुःखाने भान हरपलेली आजी बोलून गेली, राजे व्हायचे नसतील तर केस कापण्यापेक्षा मेलेली बरी. दहा आणि सात वर्षांची दोन मुले त्यांतल्या एका काकाने स्वतःच्या हाताने मारली. तिसरा निसटला आणि पुढे केस कापून संन्यासी झाला.

हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुढे वाचवले नाही. मनात येसूबाई आल्या.

संभाजी महाराज पकडले गेले तेव्हा रायगडावर येसूबाई होत्या, त्यांचा सहा वर्षांचा मुलगा शाहू होता आणि दीर राजाराम होते, एकोणीस वर्षांचे. या दिराशी आधीचा इतिहास कडू होता. १६८० मध्ये संभाजी महाराजांना बाजूला सारून सोयराबाई आणि काही प्रधानांनी राजारामांनाच मंचकावर बसवले होते. त्यातून कैद झाली, देहदंड झाले. नवरा शत्रूच्या हाती, मुलगा अज्ञान, आणि गडावर तोच दीर, ज्याच्या नावाने एकदा नवऱ्याची गादी हिरावली गेली होती. जगातल्या बहुतेक राजवाड्यांत अशा वेळी काय घडते, ते क्लोटिल्डाच्या नातवंडांच्या बाबतीत घडले. रायगडावर १२ फेब्रुवारी १६८९ ला राजारामांचे मंचकारोहण झाले. ही तारीख नीट पाहावी. संभाजी महाराजांना पेडगावला औरंगजेबासमोर उभे करण्याआधीची ती आहे. बादशहा अजून त्यांच्या सुटकेच्या अटी बोलणार होता, किल्ले मागणार होता. तोवर रायगडावर गादी मोकळी उरलीच नव्हती.

राजारामांनी गड सोडून बाहेर पडावे आणि आपण मुलासह मागे राहावे, हा निर्णय येसूबाईंच्या विचाराने झाला, असे आपली साधने सांगतात. ५ एप्रिलला राजाराम बाहेर पडले. नोव्हेंबरच्या आरंभी ते जिंजीला पोचले. जवळपास त्याच दिवसांत रायगड झुल्फिकारखानाच्या हाती गेला आणि येसूबाई व शाहू कैदेत गेले. येसूबाई परत आल्या १७१९ मध्ये. तीस वर्षे. राजाराम महाराजांनी शंकराजी नारायणांना लिहिलेल्या एका पत्रात शाहूच राज्याचा धनी, आपण करतो ते त्याच्यासाठी, अशा आशयाचा मजकूर आहे. जिंजीच्या वेढ्यात बसलेल्या राजाने हे लिहावे, याचे मोल मला फार मोठे वाटते.

आता प्रधानांकडे पाहावे. रामचंद्रपंत अमात्य रायगडावरच्या अष्टप्रधानांपैकी. राजा कर्नाटकात गेल्यावर महाराष्ट्रातला सगळा कारभार ‘हुकूमतपनाह’ म्हणून त्यांनी चालवला. शंकराजी नारायण मावळ सांभाळत होते, प्रल्हाद निराजी जिंजीला राजाजवळ होते, संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव मोगली फौजांच्या पाठीवर होते. राजधानी शत्रूकडे, राजा शेकडो कोसांवर वेढ्यात, खजिना रिकामा, आणि तरीही पत्रे निघत होती, त्यांवर शिक्के बसत होते, किल्लेदार बदलले जात होते. आठवीतल्या त्या मुलीला मी आज उत्तर द्यायला बसले, तर रायगडाऐवजी हे कागद तिच्यापुढे ठेवीन. राजा कुठे आहे हे नक्की माहीत नसतानाही ‘राज्य’ नावाची काही वस्तू आहे आणि आपण तिचे नोकर आहोत, हे माणसांना माहीत होते. आदिलशाहीत आणि कुतुबशाहीत पैसा जास्त होता, तोफा जास्त होत्या. ही समजूत तिथे नव्हती.

आमच्याच तालुक्यात याचा उलटा दाखला आहे. अकलूजपासून जवळच वेळापूरला अर्धनारीनटेश्वराचे देऊळ आहे. तिथे यादव रामचंद्रदेवाच्या कारकिर्दीतले, शके १२२२ आणि १२२७ चे, म्हणजे १३०० आणि १३०५ चे शिलालेख आहेत. अल्लाउद्दीनाने देवगिरीवर पहिली स्वारी केली १२९६ मध्ये, म्हणजे हे लेख त्या पराभवानंतरचे. दगडावर मात्र सगळे सुरळीत आहे, राजा आहे, अधिकारी आहे, देवाची व्यवस्था आहे. पुढच्या तेरा वर्षांत रामचंद्रदेव दिल्लीचा मांडलिक होऊन वारला, शंकरदेव मारला गेला, १३१८ मध्ये हरपाळदेव मारला गेला आणि सिंघणाच्या वेळी नर्मदेपासून तुंगभद्रेपलीकडे पसरलेली सत्ता नाहीशी झाली. विद्वान होते, हेमाद्रीसारखे कारभारी होऊन गेले होते, संगीतरत्नाकर ज्या दरबारात लिहिला गेला तो हा दरबार. राजे गेल्यावर मुलखात राहून राज्य चालवणारे कोणी पुढे आल्याचे इतिहास सांगत नाही. वेळापूरच्या त्या लेखांसमोर उभे राहिले की मला नेहमी हुरहुर लागते.

१६८९ नंतरच्या त्या लढ्याची किंमतही मोठी होती. शिवाजी महाराज सरदारांना जमीन तोडून देण्याच्या विरुद्ध होते. राजाराम महाराजांना रोख पगार देणे शक्य नव्हते, मोगल वतनांची लालूच दाखवत होते, म्हणून इकडूनही वतने आणि सरंजाम देणे भाग पडले. राज्य वाचले, पण पुढे ते ज्या रीतीने सैल झाले त्याची मुळे याच वर्षांत आहेत. आणि १७०७ मध्ये शाहू सुटून आल्यावर खेडला ताराबाईंशी लढाई झालीच. सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या, १७३१ मध्ये वारणेच्या तहाने त्या कायम झाल्या. वाटणी आमच्याकडेही झाली, हे मान्य केले पाहिजे. ती संकट टळल्यावर झाली, एवढे समाधान.

जिंजीच्या वेढ्यातली आणखी एक गोष्ट सांगायची राहते. कृष्णाजी अनंत सभासदाने शिवछत्रपतींची बखर लिहिली ती तिथेच, १६९७ मध्ये, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून. काही महिन्यांतच जिंजी पडली. वेढ्यातल्या राजाने धान्याची, दारूगोळ्याची चिंता असताना वडिलांचे चरित्र लिहून घेतले. क्लोव्हिसची कथा ग्रेगरीने लिहिली ती त्याचे नातू-पणतू एकमेकांशी लढत असताना. आपापसात झगडणाऱ्या राजांना तो ऐकवत होता की, तुमचा मूळपुरुष असा होता. दोन्ही पुस्तके गरजेतून लिहिली गेली आहेत आणि त्यांतला तपशील तपासूनच घ्यायला हवा, सभासदाचासुद्धा. पण मूळपुरुषाची गोष्ट सांगण्याची निकड एवढ्या अडचणीच्या वेळी का भासावी, हे दोन्हीकडे लक्षात येते. गोष्ट ऐकणाऱ्याला आपण कशासाठी टिकून आहोत ते कळायला हवे होते.

क्लोव्हिसचा वंश पुढे अडीचशे वर्षे चालला, शेवटच्या शतकात केवळ नावाला. सत्ता राजवाड्याच्या मुख्य कारभाऱ्याकडे गेली. हे कारभारीपद वंशपरंपरा झाले. कारभारी चार्ल्स मार्टेलने ७३७ पासून मरेपर्यंत गादी रिकामीच ठेवली, तरी स्वतः तो तिच्यावर बसला नाही. त्याचा मुलगा पेपिन याने मात्र पोपला विचारून घेतले की, सत्ता ज्याच्याकडे आहे त्याने राजा म्हणवावे की ज्याच्याकडे नाही त्याने. पोपचे उत्तर सोयीचे आले. ७५१ मध्ये शेवटच्या चिल्डेरिकचे लांब केस कापून त्याला मठात पाठवले गेले आणि पेपिन राजा झाला. या शेवटच्या राजांचे बैलगाडीतून फिरणारे, शिकवलेली उत्तरे देणारे असे जे चित्र आइनहार्टने रंगवले आहे, ते मी सावधपणे वाचते. तो पेपिनच्या मुलाच्या, शार्लमेनच्या पदरचा लेखक होता.

अकलूजहून वेळापूर, महूद करीत दक्षिणेला गेले की सांगोला येते. तिथे १७५० च्या सप्टेंबरात साताऱ्याचे छत्रपती रामराजे यांनी राज्याचा कारभार पेशव्यांकडे सोपवण्याला संमती दिली. पेपिनने गादी घेतली त्याला बरोबर हजार वर्षे व्हायला एक वर्ष कमी होते. कारभारी आणि नावाचा राजा ही तीच स्थिती. पेशवा बाळाजी बाजीरावाकडे फौज होती, पैसा होता, अटकेकडे पाहणारी महत्त्वाकांक्षा होती. पेपिनचा प्रश्न त्याला कोणी काशीहून किंवा पैठणहून सोडवून दिला नसता, असे मानायला आधार नाही. पण त्याने तो विचारला नाही, त्याच्या मुलाने नाही, नातवानेही नाही. प्रत्येक पेशव्याला पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहूनच घ्यावी लागली. सवाई माधवरावांना ती मिळाली तेव्हा ते चाळीस दिवसांचे होते. बारभाईंकडे सगळी सूत्रे होती आणि तरी त्या तान्ह्या मुलासाठी साताऱ्याच्या कैदेसारख्या अवस्थेतल्या छत्रपतींकडून वस्त्रे आणवावी लागली. छत्रपतींना असे किल्ल्यात कोंडून ठेवणे ही पेशवाईची लाजिरवाणी बाजू आहे, ती मला झाकायची नाही. पण वस्त्रांवाचून पेशवा होता येत नव्हते, हेही तेवढेच खरे, आणि ते रायगडावर १६७४ मध्ये ठरले होते.

१८०३ च्या एप्रिलमध्ये जनरल वेलस्लीची फौज श्रीरंगपट्टणहून पुण्याला जाताना अकलूजला थांबली. वसईचा तह करून इंग्रजांच्या आश्रयाला गेलेल्या दुसऱ्या बाजीरावाला गादीवर बसवायला तो निघाला होता. पंधरा वर्षांनी त्याच इंग्रजांनी बाजीरावाला हटवले. तेव्हा एल्फिन्स्टनने साताऱ्याला १८१८ च्या फेब्रुवारीत जाहीरनामा काढून छत्रपतींना राज्य देण्याचे वचन दिले, कारण मुलूख शांत करायला त्या नावाची गरज त्यालाही होती. प्रतापसिंह महाराजांशी १८१९ मध्ये तह झाला. ते कारभार मन लावून पाहत, स्वतः रोजनिशी ठेवत, साताऱ्यात शाळा आणि पाण्याची सोय त्यांनी केली. आज्ञेत राहणारा राजा हवा असलेल्या ईस्ट इंडिया कंपनीला असा राजा सोसवला नाही. १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. कंपनीच्या भागधारकांच्या सभांत बोलले, पत्रके छापली, तहाचे कलमन् कलम दाखवत राहिले. १८४७ मध्ये प्रतापसिंह काशीत वारले. १८४८ मध्ये सातारा खालसा झाला. ज्याच्या वतीने बोलायचे तो राजा नव्हता, ज्यासाठी भांडायचे ते संस्थान नकाशावर नव्हते, पैसे संपून कर्ज झाले होते. रंगो बापूजी तरीही १८५३ पर्यंत लंडनमध्येच होते, अर्ज लिहीत.